न घेतलेले व्रत

एकदा एका राज्याचे प्रधान स्नानाला बसले तेव्हा प्रधान होते आणि अंग पुसून बाहेर आले तेव्हा नव्हते. तेवढ्या वेळात सेनापतीने राजसभेला वेढा घातला होता, सभागृहाला कुलूप ठोकले होते आणि केवळ प्रजेच्या हितासाठी आपण हा भार शिरावर घेत आहोत, अशी दवंडीही पिटवून झाली होती. प्रजेच्या हितासाठी भार उचलायला धावणाऱ्या शस्त्रधाऱ्यांची या पृथ्वीवर कधीच वानवा पडलेली नाही.

प्रधान वयोवृद्ध होते. लोकांनीच त्यांना निवडले होते आणि लोक त्यांना प्रेमाने नाना म्हणत. सेनापती मोठा धूर्त. नानांना तुरुंगात टाकले तर लोक तुरुंगाच्या दारात जमतील आणि मारले तर त्यांचे देऊळ बांधतील, हे त्याने पुरते ओळखले होते. म्हणून त्याने त्यांना दूर नदीकाठच्या एका तीर्थक्षेत्री नेऊन ठेवले. तेथे त्यांनी खुशाल राहावे, वाचन करावे, कोणाला चार गोष्टी शिकवाव्यात. मात्र परवानगीवाचून क्षेत्राची शीव ओलांडू नये. शिवेवर भालाईत उभे राहिले. यात्रेकरूंना वाटे, ते यात्रेच्या बंदोबस्तासाठीच आहेत.

नानांच्या मागोमाग त्यांचा एक शिष्य तेथे राहायला आला. तो त्यांच्याजवळ राजनीती शिकत असे. चाळिशीकडे झुकलेला, बुद्धीने तल्लख, आणि गुरूच्या मानापमानाविषयी गुरूपेक्षाही हळवा असा तो गृहस्थ होता. त्याच्यावर कसली बंदी नव्हती. तो कुठेही जाऊ-येऊ शकत होता.

नानांना जगात आपले म्हणावे असे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा या अक्काने धाकट्या भावाला कडेवर वागवून मोठे केले होते. आता ती थकली होती आणि दिवसभराच्या चालीवर असलेल्या एका खेड्यात एकटीच राहत होती. तिला डोळे मिटण्यापूर्वी एकदा भेटावे, एवढीच नानांची इच्छा होती. म्हणून ते दर महिन्याला काठी टेकत ठाण्यावर जात आणि म्हणत, "ठाणेदार, अक्काला भेटून यावं म्हणतो. जाऊन लगेच परत येईन. परवानगी द्या."

"वर कळवतो," ठाणेदार म्हणे. वरून कधी काही येत नसे, आणि पुढच्या महिन्यात नाना पुन्हा दारात उभे राहत.

शिष्याच्या हे जिवाला फार लागे. एकदा त्याला राहवले नाही. "नाना, तुमच्या शब्दासरशी सबंध राज्य हलायचं. आता या कालच्या पोरांपुढं तुम्ही हात जोडायचे? आपण नकोच ना विचारायला!"

"अरे, अडवलंय त्यांनी, तेव्हा विचारायचंही त्यांनाच," नाना हसून म्हणाले. "मी विचारायचा थांबलो म्हणून ते अडवायचे थांबणार आहेत थोडेच?"

शिष्याला हे पटले नाही.

पुढे काही दिवसांनी दूरदेशीचा एक व्यापारी यात्रेला आला. नाना पारावर पोथी वाचत बसलेले त्याने पाहिले आणि शिष्याला बाजूला घेऊन हळूच विचारले, "अहो, हे आपले प्रधान ना? यांना म्हणे इथं कोंडून ठेवलंय. खरं का हो? अरेरे, काय ही दशा!"

त्याच्या सुरातली कीव शिष्याला सहन झाली नाही. तोंडाला येईल ते तो बोलून गेला. "कोण म्हणतं कोंडून ठेवलंय? नानांनी क्षेत्रसंन्यास घेतलाय. राज्य त्यांनी आपणहून टाकलं, कुणी हिसकून घेतलेलं नाही."

आयुष्याच्या उतरणीवर काही विरक्त माणसे असा नेम करतात की, आता देह पडेपर्यंत या पुण्यभूमीची शीव ओलांडायची नाही. यालाच आपल्याकडे क्षेत्रसंन्यास म्हणतात आणि तो घेणाऱ्याला लोक देवाखालोखाल मानतात. व्यापाऱ्याने ते ऐकताच गालांत मारून घेतले, आपण भलतेच बोललो म्हणून क्षमा मागितली आणि लांबूनच नानांना दंडवत घातला. त्या दिवशी शिष्याला कितीतरी काळाने अन्न गोड लागले.

व्यापाऱ्याचे पाय चार गावांना लागतात आणि त्याची जीभ चाळीस गावांना. बघता बघता सगळीकडे पसरले की, प्रधानांनी क्षेत्रसंन्यास घेतला. नानांच्या दर्शनाला रीघ लागली. कोणी नारळ ठेवी, कोणी तान्ह्या मुलाला त्यांच्या पायांवर घाली. आता पंचाईत अशी की, कोणी नानांशी बोलू लागले तर बिंग फुटायचे. तेव्हा शिष्य दारात उभा राहून सर्वांना सांगू लागला, "दर्शन लांबून घ्या. बोलू नका. व्रतात विघ्न येतं." शिवेवर भालाईत होतेच, त्यांच्या आत आणखी एक पहारा बसला आणि तो गुरूवर जीव टाकणाऱ्या माणसाने बसवला. नानांना वाटे, लोक जुन्या लोभाने येतात आणि भीतीने बोलत नाहीत. त्यांना भरून येई. ते सर्वांना हात जोडत.

सेनापतीच्या कानावर हे गेले तेव्हा त्याला हसू आवरेना. त्याने आपल्या खर्चाने नानांच्या बसण्यासाठी सुरेख दगडी चौथरा बांधून दिला.

अशात एक दिवस एका यात्रेकरूकडून शिष्याला कळले की, अक्का अंथरुणाला खिळली आहे आणि फार दिवस काढील असे दिसत नाही. त्याने धावत येऊन नानांना सांगितले. नानांनी पायांत वहाणाही घातल्या नाहीत. दोघे तसेच ठाण्यावर गेले.

ठाणेदार आज उठून उभा राहिला. त्याने नानांना बसायला आसन दिले आणि सगळे ऐकून घेऊन अत्यंत विनयाने म्हणाला, "छे, छे, नाना! आपण व्रतस्थ. घरच्या मायेनं मन डळमळतं, माणूस आहे, चालायचंच. पण आम्ही परवानगी देऊन आपला क्षेत्रसंन्यास मोडायचा? सेनापतींची सक्त ताकीद आहे, नानांच्या व्रताला धक्का लागता कामा नये. आम्हाला का पापाचे धनी करता?"

"कसला क्षेत्रसंन्यास?" नाना म्हणाले.

ठाणेदार शिष्याकडे पाहून नुसता हसला. नानांनीही शिष्याकडे पाहिले, आणि शिष्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

परतताना नाना वाटेत थांबले. रागावले नाहीत, रागावले असते तर शिष्याला बरे वाटले असते. त्यांनी विचारले, "हे अक्काच्या कानावर गेलं असेल का रे?"

"नसेल, नाना. लांब आहे ते गाव."

"तू जा. आत्ता नीघ. तिला सांग, मी व्रत-बीत काही घेतलेलं नाही. मला सोडत नाहीत, म्हणून मी आलो नाही. एवढंच सांग आणि ये."

शिष्य निघाला. जेवला नाही, कोठे टेकला नाही. पण तो अक्काच्या दारात पोचला तेव्हा अंगण माणसांनी भरले होते आणि आत, तिचे अंथरूण जिथे होते तिथे, पिठावर दिवा तेवत होता. शेजारची सगुणाबाई शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. तिने शिष्याला ओळखले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काल दुपारी गेल्या," ती म्हणाली. "डोळे दाराकडं लागलेले. माझे मालक म्हणाले, आपण सगळं गाव जाऊ, त्या ठाणेदाराचे पाय धरू, म्हातारीसाठी भावाला एक दिवस सोडा म्हणू. गाव तयार झालं होतं हो. पण अक्कांनीच मोडता घातला. म्हणाल्या, माझा नाना मोठ्या व्रताला बसलाय, माझ्यापायी त्याचं व्रत मोडायला नको. खबरदार कुणी त्याला निरोप धाडाल तर!"

शिष्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"पण एकदा मला जवळ बोलावलं," सगुणाबाई पदराने डोळे पुशीत म्हणाली. "आणि विचारलं, सगुणे, व्रत घेण्याआधी तो एकदा येऊन गेला असता, तर नसतं का गं चाललं?"

हे शेवटचे वाक्य गुरूला सांगावे की पोटात ठेवावे, याचा शिष्य वाटभर विचार करीत आला. मग त्याला वाटले, आपण आजवर पुष्कळ झाकले. त्याने ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. नानांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग ते नदीवर गेले, स्नान केले आणि ओल्या धोतरानिशी घाटावर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून टिपूसही आले नाही.

त्या आठवड्यात क्षेत्राचा उत्सव होता. शिवेजवळच्या माळावर माणसांचा समुद्र लोटला होता. नाना उठले, काठी घेतली, दगडी चौथऱ्याला वळसा घालून सरळ शिवेकडे चालू लागले. लोक आदराने वाट देत होते. शिवेवरच्या दगडाशी ते क्षणभर थांबले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी पलीकडे पाऊल टाकले.

"नाना, व्रत! व्रत मोडेल!" लोक ओरडले.

भालाईतांनी भाले आडवे केले. नाना म्हणाले, "बाजूला व्हा. मला माझ्या बहिणीच्या गावी जायचंय." एकाने त्यांना मागे लोटले. ते पडले, उठले आणि पुन्हा पुढे झाले. "मला जायचंय," ते म्हणाले, "तुम्ही का जाऊ देत नाही, ते या सगळ्यांना सांगा." पुन्हा धक्का बसला. या खेपेला त्यांचा गुडघा फुटला. कालपर्यंत ज्यांच्या पायांवर लोकांनी मुले घातली होती, ते पाय मातीत आणि रक्तात भरलेले सगळ्यांनी पाहिले. हळूहळू लोकांना दिसले की, हे भाले यात्रेच्या बंदोबस्ताचे नाहीत.

शिष्य गर्दी फोडून धावला. त्याने नानांना उचलून झाडाखाली आणले आणि जखम धुता धुता तो लहान मुलासारखा रडू लागला. "हे काय केलंत, नाना? आता अक्का तर नाहीत. कुणाकडं निघाला होतात? स्वतःची अशी विटंबना कशाला करून घेतलीत?"

नाना म्हणाले, "विटंबना? कोणाची? मला अडवलं त्यात माझी लाज काय होती रे? लाज होती ती अडवणाऱ्याची. ती तू झाकलीस, आणि तुला वाटलं, आपण गुरूची अब्रू राखली. बंदी होती तोवर ती सेनापतीची होती. तू तिला व्रत म्हणालास आणि ती माझी झाली. कैद्याला सोडवायला कधीतरी कोणी येतं, गाव निघालंही होतं. पण व्रतस्थाला सोडवायला कोण येईल? त्याला तर बहीणसुद्धा बोलावत नाही."

शिष्य गुडघ्याला फडके बांधू लागला तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "दुःख आहे तर आहे म्हणावं. त्याला शेला-पागोटं चढवू नये. मग ते घालवायलाच कोणी धजत नाही."

शिष्य उठला, माळावर गेला आणि लोकांना मोठ्याने म्हणाला, "क्षेत्रसंन्यासाची गोष्ट मी रचली होती. ती खोटी आहे. नानांना सेनापतीनं अडवून ठेवलंय."

असे सांगितल्यावर लोक नानांभोवती गोळा झाले असतील, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून नारळ ठेवायला चिटपाखरू फिरकले नाही. साधूच्या पाया पडण्याने पुण्य लागते. बंदिवानाच्या जवळ दिसलो तर काय लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते.

मात्र माळावरची हकीकत ऐकून, अक्काच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी सगुणाबाई, तिचा नवरा आणि त्यांच्या गावची मूठभर माणसे दिवसभर चालून आली आणि नानांना घेऊन ठाण्यासमोर उभी राहिली.

"उद्या अक्कांचं तेरावं," सगुणाबाई म्हणाली. "सख्खा भाऊ नको का तिथं? पाठवा यांना. आम्ही नेतो आणि आम्हीच आणून सोडतो."

ठाणेदाराने तोंडावर नेहमीचा विनय आणला. "बाई, नानांचं व्रत..." एवढे म्हणून तो अडखळला. समोर नाना बांधलेल्या गुडघ्यानिशी उभे होते आणि ती सगळी माणसे त्या गुडघ्याकडेच बघत होती. ठाणेदाराने इकडेतिकडे पाहिले. मग तो आवाज चढवून म्हणाला, "सेनापतींचा हुकूम आहे. यांना बाहेर सोडायचं नाही. बास!"

"मग असं बोला की सरळ," सगुणाबाई म्हणाली.

इतके दिवस कोरडे राहिलेले नानांचे डोळे तेव्हा भरून आले. काठीवर हनुवटी टेकून ते सर्वांसमोर रडले. "हे एवढं अक्काच्या कानावर जायला हवं होतं," ते म्हणाले. "एवढंच ऐकून ती सुखानं गेली असती."

"माझ्यामुळं नाही गेलं, नाना," शिष्य म्हणाला.

नानांनी मान हलवून ते खोडून काढले नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधाराने, लंगडत, ते परत चालू लागले.