मुळ्याचा पाला आणि मीठ

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की परसातले मुळे हातानं चाचपून उपटावे लागले. विळी अन् परात बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट.

केरबातात्यांनी मुळे धुतले, पाला बाजूला ठेवला. तेवढ्यात शेजारच्या अनसाबाई पाटी घेऊन आल्या.

"तात्या, पाला टाका इकडं. शेळी वाट बघतीय."

"थांबा जरा. आज त्याची कोशिंबीर करून बघतो."

"त्या खरखरीत पाल्याची? घशात टोचंल की!"

पाला हिरमुसला. एकदा तरी ताटात बसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

विळी म्हणाली, "भिऊ नको. मी तुला इतकं बारीक चिरते, की खरखर कुणाला कळायचीच नाही." तिनं चिरलाही. तात्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि खोकत बसले. अनसाबाईंनी पाटी पुढं सरकवली.

तेव्हा मीठ हळूच म्हणालं, "लेकरा, माझ्याजवळ ये. आधी झोंबेल, पण पळू नकोस."

तात्यांनी पाल्यावर मीठ घातलं आणि तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं त्याला चोळत राहिले. पाला कुरकुरला, मग त्याला पाणी सुटलं आणि तो हळूहळू मऊ झाला. त्यावर दाण्याचं कूट पडलं, लिंबू पिळलं.

अनसाबाईंनी भाकरीशी एक घास खाल्ला, मग दुसरा. रिकामी पाटी काखेत मारून त्या उठल्या.

"तात्या, उद्याचा पाला माझ्यासाठी ठेवा हो. शेळीची समजूत मी काढते."