पंधरावी बाटली

“...पण सर, चौदा बाटल्या भरलेल्या आणि मधलीच एक रिकामी, हे बरं दिसतं का?”

उगारे सर अण्णांना विचारत होते; चहाला अजून हात लावला नव्हता. ते अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, जुने विद्यार्थी. आता कॉलेजात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. सोमवारी त्यांच्या नव्या कपाटाचं उद्घाटन होतं. दुर्मिळ मृदा धातू, लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत, ओळीनं पंधरा. अडलं होतं ते एका प्रोमेथियमवर.

“विकत घे,” अण्णा म्हणाले.

“मिळतं कुठे? खाणीत नाही, बाजारात नाही. अणुभट्टीत करावं लागतं, आणि केलं तरी राहत नाही. त्याच्या एकाही समस्थानिकाला टिकणं ठाऊक नाही.”

“पोरगा विसरला नाही हं,” अण्णा मला म्हणाले.

पंचावन्न वर्षांचा पोरगा खुलला.

“म्हणून तर तुमचं घड्याळ मागतोय, सर. काटे अंधारात चमकावेत म्हणून त्या काळी रंगात हेच घालायचे.”

अण्णांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला. घड्याळ माझ्या सासूबाईंनी त्यांना लग्नात दिलेलं. सासूबाईंना मी फोटोतच पाहिलंय.



“त्यात असेल, तर ने. नसेल, तर नको.”

अण्णांनी पट्टा सोडला. खाली मनगटावर गोरा वळ होता.

“सूनबाई, कोठीचं दार उघड.”

कोठीला खिडकी नाही. अण्णा रोज दुपारी आत जातात आणि दार लावून घेतात. तीन महिने मला वाटत होतं, लाडू. मी डबाही हलवून ठेवला होता.

उगारे सर घड्याळ घेऊन आत गेले. दार लागलं... उघडलं.

“काळं ठिक्कर.”

“डोळे सरावू दिलेस?”

“दिले की.”

“अण्णा रोज बघतात,” मी बोलून गेले.

उगारे सर माझ्याकडे बघून हसले. “वहिनी, साधं गणित आहे. दर अडीच-पावणेतीन वर्षांनी निम्मं होतं. सर, लग्नाला किती झाली?”

“बावन्न.”

“म्हणजे वीसदा निम्मं. बाकीच्याचं समारियम झालं. ते माझ्याकडे बाटलीभर आहे.”

“उरलं किती?”

“दहा लाखांत एक भाग. म्हणजे नाहीच.”

“नाहीच ना? मग राहू दे इथेच.”

अण्णांनी घड्याळ जवळजवळ ओढूनच घेतलं. पट्टा बांधला, किल्ली दिली, कानाशी धरलं.

उगारे सरांनी गार चहा एका घोटात संपवला. चप्पल घालताना मात्र त्यांना राहवलं नाही.

“पण सर, रोज आत जाऊन बघता तरी काय?”

अण्णांनी कोठीच्या दाराकडे पाहिलं...

“दहा लाखांत एक, तूच म्हणालास ना? म्हणजे आहे.”