सुटा दोरा

“…आणि चाचांनी प्रोफेसर बाईंना दुकानाबाहेर काढलं म्हणे, खरं का गं? त्यांचं ते यंत्रसुद्धा पायरीवर…”

एवढ्यात गिरणी सुरू झाली आणि नंदाचं पुढचं बोलणं पिठात गेलं.

मी गरम पिठाचा डबा कमरेवर घेतला नि घर गाठलं. आमचं घर मिरजेत, दस्तगीरचाचांच्या तंबोऱ्याच्या दुकानासमोर. मधे गल्ली चार पावलांची. ओट्यावर बसलं की दुकानातलं सगळं दिसतं, ऐकूही येतं. मी काही मुद्दाम ऐकत नाही. पण पीठ कुठंतरी बसून चाळायला हवंच ना?

यंत्र पायरीवर होतं, तेवढं खरं. आवाज मोजून आकडे दाखवणारं. बाई मात्र आतच होत्या, चाचांसमोर मांडी घालून.

निशिगंधा वझे. शाळेत असताना रोज याच दुकानात येऊन बसायची. तंबोरा कसा लावायचा, तारा टेकतात त्या घोडीवर सुताचा दोरा सरकवून आवाज कसा फुलवायचा, ते चाचांनीच तिला शिकवलं. मग ती खूप शिकली, परदेशात राहून आली, डॉक्टर झाली. आता पुण्यात आवाज हाच विषय शिकवते. गाणं नव्हे, नुसता आवाज. आवाजाची प्रदर्शनंही भरवते. मला आधी वाटायचं, आवाजाच्या प्रदर्शनात बघायचं काय?

“हे काय आणलंस?” चाचांनी विचारलं. त्यांच्या हातात एक छोटी नळी होती.

“गोंद आहे, चाचा. पक्का. तुम्ही घोडीवर तारेखाली दोरा सरकवता ना, तो जागेवर बसला की मी चिकटवून टाकणार.”

चाचांनी नळी नाकाशी नेऊन हुंगली.

“प्रदर्शनात एका खोलीत चार तंबोरे ठेवलेत. छोट्या मोटारी तारा छेडतात. आत माणूस नाही. तीन महिने तसंच चालायला हवंय. सकाळी आवाज इतका फुलतो, चाचा… आणि दुपारपर्यंत मुका होतो.”

“मग होऊ दे.”

“होऊ दे कसं? गुरुवारी कमिटी बघायला येणार आहे. दहा वर्षं मी वर्षावर्षाच्या करारावर शिकवतेय. हे काम त्यांना पटलं तर नोकरी कायम. नाहीतर शेहेचाळिसाव्या वर्षी मी…”



“दुपारी मुका का होतो?” चाचांनी विचारलं.

“ऊन चढलं की हवा बदलते. लाकूड, तार, दोरा, सगळंच जरासं हलतं. माझा प्रबंधच आहे त्याच्यावर.”

“म्हणजे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणून तर चिकटवतेय!”

चाचांनी नळी उलटीसुलटी करून बघितली.

“निशे, स्वतःच्या हातानं दोरा शेवटचा कधी सरकवलास?”

बाईंनी छताकडे पाहिलं.

“…आठवत नाही. विद्यार्थी सरकवतात. मी आकडे बघते.”

“ते आकडे मी मघाशी पायरीवर ठेवलेत. उन्हात नाहीत ना?”

“नाही, सावलीतच आहेत,” मी ओट्यावरून म्हणाले.

“कुसुम, तू पीठ चाळ.”

मी चाळू लागले.

चाचा गुडघ्यावर हात टेकत उठले. कोपऱ्यातला तंबोरा उचलून त्यांनी बाईंच्या मांडीवर दिला. तळहातावर पांढऱ्या सुताचा एक तुकडा ठेवला. गोंदाची नळी खिशात घातली, चपला पायात सरकवल्या, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

चार पावलं चालून माझ्या ओट्यावर बसले. दुकानाकडे पाठ करून.

“चाचा? अहो, मी एकटी?” आतून आवाज आला.

चाचांनी उजव्या पायातली चप्पल काढली. तिचा तळ पुढून उचकटला होता. त्यांनी नळीचं टोपण उघडलं.

आत तार वाजली. कोरडी, पत्र्यासारखी.

“चाचा, आता?”

चाचांनी तळाला गोंद लावला.

“थोडा वर घेऊ?”

…

“मशीन तरी आत द्या! निदान हो की नाही ते सांगा!”

“बिचारी विचारतेय,” मी म्हणाले. “सांगा की. पोरीची नोकरी आहे.”

चाचांनी चपलेवर अंगठा दाबून धरला.

मग आतून विचारणंच बंद झालं.

तार वाजायची, थांबायची. परत वाजायची. मधे बराच वेळ काहीच नाही… मला वाटलं, रडत बसली की काय. उठून बघावं तर चाचा शेजारी. मी आपली पीठ चाळत राहिले.

गाण्यातलं मला काही कळत नाही. सातवीनंतर शाळा सुटली, आणि घरात गाणारं कोणी नाही. पण एकदम असं झालं की दाराच्या आडून तो आवाज उघडला. एका तारेतून दहा तारा बोलाव्यात तसा. गल्लीभर झाला.

माझा चाळणीवरचा हात थांबला.

चाचांनी वळून दुकानाकडे बघितलं नाही. माझ्या हाताकडे बघितलं. मग चप्पल पायात घातली, दोनदा जमिनीवर आपटून पाहिली.

दार उघडलं. बाईंच्या साडीवर सुताचे बारीक तुकडे, बोटाच्या टोकावर तारेचा लाल वळ. चेहरा मात्र शाळेतल्या निशीचा.

“लागला, चाचा,” ती म्हणाली. या वेळी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

नंदाला आता मी काय सांगू? बाहेर काढलं, ते खरं. पण यंत्राला. आणि त्यानंतर चाचांनी स्वतःला.

निशी पायरीवर यंत्राशेजारी बसली. तिनं ते सुरू केलं नाही. जरा वेळानं तिचा चेहरा पुन्हा उतरला.

“पण गुरुवारी दुपारी परत मुका झाला तर? कमिटी आलेली असताना?”

चाचांनी गोंदाच्या नळीला टोपण घट्ट लावलं आणि ती तिच्या हातात परत दिली.

“होणारच की,” ते म्हणाले. “नाही झाला, तर दोरा सरकवायला तुला कोण बोलावणार?”