झिपरीचा खड्डा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा माळावर करवंदीच्या जाळीमागे पिल्लांची शाळा भरायची. साळिंदरांच्या साळूबाई तिथं जमिनीतले कंद हुडकायला शिकवायच्या. कुणाच्याही पिल्लाला तिथं मज्जाव नव्हता.

मुंगसाची झिपरी मात्र रोज भलत्याच जागी खणायची. तिच्या खड्ड्यात कधी कंद म्हणून निघाला नाही. बाकीची पिल्लं फिदीफिदी हसायची.

एका उन्हाळ्यात ओढा पार आटला आणि सगळ्यांचीच डोकी तापली. रानडुकरांचा म्होरक्या शाळेत येऊन म्हणाला, "साळूबाई, या पोरीला काढून टाका. तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही."

साळूबाईंनाही क्षणभर ते पटलं, कारण झिपरीला समजावून त्या थकल्या होत्या. मग त्यांच्या मनात आलं, 'आपण हिला इथं नको, तिथं खण, एवढंच सांगत आलो. विचारलं तर कधीच नाही.' काटे सावरत त्या तिच्याशेजारी बसल्या.

"झिपरे, इथंच का खणतेस गं?"

झिपरी आधी बावरली. मग हळूच म्हणाली, "बाई, इथली माती गार लागते."

साळूबाईंनी मातीला नाक लावलं. माती खरंच गार होती.

"मग थांबलीस कशाला? चल, अजून खोल जाऊ!" म्हणत त्या स्वतःही खणू लागल्या. दुपार कलेपर्यंत खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरलं. म्होरक्यासकट सगळं रान तिथं पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी साळूबाई पिल्लांच्या रांगेत जाऊन बसल्या.

"झिपरे, पुढं ये," त्या म्हणाल्या. "गार माती कशी ओळखायची, ते आम्हाला शिकव."