हळदीचे फडके

ज्या काळात राजे स्वतः पिशवी घेऊन बाजारात जात आणि दुकानदार त्यांनाही काटा मारायला कचरत नसत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी लहानांच्या शेजारी बसून ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. तिथली एक मुलगी समुद्रापलीकडे शिकायला गेली. भाव कसा ठरतो, भाव कसा फुगवतात आणि फुगवणाऱ्याला कसे धरतात, हे ती तिथे शिकली. परत आल्यावर राजाने तिला बाजाराची राखणदार नेमले.

जहाजातून येताना तिने मनात एक चित्र रंगवले होते. बाजारात लबाड माणसे असतील. त्यांचे डोळे बारीक असतील, आवाज खालचा असेल, तिला पाहताच ती वाट बदलतील. मग ती त्यांना पकडून राजापुढे उभे करील आणि गोरगरीब तिला दुवा देतील.

प्रत्यक्षात बाजाराच्या वेशीवर नगराचे वृद्ध महाजन हातात गूळपाणी घेऊन तिची वाट पाहत उभे होते.

“आली ग माझी पोर!” ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. तिचे वडील गेल्यावर तिच्या शिक्षणाचा सगळा खर्च याच महाजनकाकांनी उचलला होता.

आणि गोरगरीब? ते तर तिची चेष्टाच करू लागले. “राखणताई, राखण कसली करता? इथं चोरायला कुणाला वेळ आहे? सगळेच श्रीमंत होण्याच्या गडबडीत आहेत!”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. डोंगरापलीकडे एका दरीत वेलदोड्यांचे मोठे बन होते. त्या बनाचा कारभार महाजन पाहत आणि त्याचे वाटे बाजारात विकले जात. ज्याच्याकडे वाटा, त्याला दर हंगामात वेलदोडे मिळत. वाटा दुसऱ्याला विकताही येई. त्यासाठी चिंचेखाली पडद्याआड एक चौथरा होता. घेणारा आणि विकणारा तिथे समोरासमोर बसत, हातांवर फडके टाकत आणि फडक्याखाली बोटे दाबून भाव ठरवत. कोणी कोणाला काय दिले, ते तिसऱ्याला दिसत नसे. सौदा झाला की फक्त भाव पुकारला जाई, आणि भाव आधीपेक्षा चढा असेल तर चौथऱ्यावरची घंटा वाजे.

हल्ली घंटा सारखी वाजत होती.

राखणदार दारोदार फिरली. तेल्याला विचारले, “काका, तुम्ही एवढ्यात वाटा घेतलात?” तेली म्हणाला, “छे! माझा जुनाच आहे. आता कोण विकतं आणि कोण घेतं!” सोनाराने तेच सांगितले. फुलारणीने तेच सांगितले. सगळ्यांचे वाटे जुने होते आणि सगळे भाव चढण्याची मजा पाहत होते. मग फडक्याखाली हात होते तरी कोणाचे?

आणखी एक गोष्ट तिच्या मनात सलली. गेले काही हंगाम लोकांना वेलदोडे मिळालेच नव्हते, त्याऐवजी नाणी मिळाली होती. दरड कोसळून घाट बंद झाला, म्हणून माल पलीकडेच विकला, असे महाजनांनी सांगितले होते. लोकांना नाणी आवडली. नाणी निवडावी लागत नाहीत आणि त्यांना कीड लागत नाही.

घाटाला वळसा घालून दरीत जायचे तर महिना लागला असता. तेवढा वेळ नव्हता, कारण कुंभारआळी वाटे घ्यायला निघाली होती.

कुंभारआळीत पाणी नव्हते. तिथल्या बायका उन्हातान्हात खाडीकाठच्या झऱ्यावर जात, आणि ते पाणीही मचूळ असे. पै पै साठवून आळीने विहिरीचे पैसे जमवले होते. आळीची कारभारीण एक ठसठशीत कुंभारीण होती.

“परवा जत्रा,” ती राखणदाराला म्हणाली. “जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पैसे वाट्यांत घालणार. एका विहिरीच्या पैशात दोन होतील बघा. एक पाण्याला आणि एक मिरवायला!”

“मावशी, थोडं थांबा ना.”

“का? तुम्ही शिकून आलात म्हणून आम्ही गरीबच राहायचं?”

 राखणदार तडक महाजनांकडे गेली. “काका, ती फडकी मी उद्या फाडून टाकणार. जिथे मी शिकले तिथे सगळे सौदे उघड्यावर होतात. झाकलेल्या हातांवर माझा विश्वास नाही.”

महाजन रागावले नाहीत. “बस, पोरी,” ते म्हणाले. “तुझे वडील आजारी पडले तेव्हा तुझ्या आईने वाटा विकला होता. गरजू माणूस पडेल त्या भावाला विकतो. ते बाजाराला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारात भांड्यांपासून गाईपर्यंत सगळं स्वस्तात मागणारे उभे राहिले असते. फडक्यानं तिची गरज झाकली. फाडायचं असेल तर फाड. पण ते कशासाठी विणलं होतं, तेवढं विचारून फाड.”

 काका खरे बोलत होते. पण निघताना तिने कुंभारांच्या पैशांची गोष्ट काढली, तेव्हा काकांनी मान खाली घातली आणि आधीच भरलेला दिवा पुन्हा तेलाने भरू लागले. तेल सांडले.

रस्त्याने जाताना तिला एक युक्ती सुचली. ती रंगाऱ्याकडे गेली.

“दादा, जत्रेसाठी चौथऱ्यावरची फडकी हळदीत रंगवून द्या. पण तुरटी घालू नका.”

“तुरटी नाही घातली तर रंग पक्का व्हायचा नाही, ताई. हाताला लागेल.”

“लागू दे.”

“समुद्रापलीकडं हेच शिकवतात होय?” रंगारी हसला. “मग आमचं पोरगं इथंच बरं. तेवढं त्याला न शिकताच येतं.”

जत्रेच्या दिवशी चिंचेखाली पिवळीधमक फडकी आली. शुभशकुन झाला, असे लोक म्हणाले. चौथऱ्यापुढे नेहमीचा आडवा पडदा होता. त्यामागे कोण बसते ते दिसत नसे, भाव मात्र पुकारला जाई. सकाळपासून घंटा वाजू लागली. चढला! पुन्हा चढला! लोक टाळ्या वाजवत होते. कुंभारीण तर घंटा वाजली की आपल्या नवऱ्याच्या पाठीत आनंदाने धपका घालत होती.

“अग, भाव चढतोय की माझी पाठ?” तो बिचारा म्हणाला.

दिवस कलला. राखणदार बाजाराच्या वेशीवर शेंगदाणे आणि गुळाची परात घेऊन उभी राहिली. जत्रेचा प्रसाद कोण नाकारील? एकेक जण हात पुढे करू लागला. तेल्याचा हात स्वच्छ. सोनाराचा स्वच्छ. फुलारणीचा, न्हाव्याचा, गोंधळ्याचा, सगळ्यांचे हात स्वच्छ. दिवसभर ज्या चौथऱ्यावर सौद्यांचा पूर आला होता, तिथे गावातले कोणी बसलेच नव्हते.

मग पिवळे हात आले. ते महाजनांच्या भाच्याचे होते. त्यामागून आणखी पिवळे हात आले, ते महाजनांच्या मेव्हण्याचे होते. दोघांनी निर्धास्तपणे प्रसाद घेतला.

सगळ्यांच्या शेवटी महाजन आले. त्यांचे हात उपरण्यात होते.

“काका, प्रसाद घ्या.”

“नको, पोरी. पोट बरं नाही.”

“हात पुढे करा, काका.”

त्यांनी हात पुढे केले. ते लालभडक होते. काकांच्या दुपारीच सारे ध्यानात आले होते आणि त्यांनी चुलीतल्या राखेने हात घासघासून धुतले होते. पण ज्याने जन्मात कधी धुणे धुतले नाही, त्याला काय ठाऊक, की राख लागली की हळद जात नाही, लाल होते!

तिने परात खाली ठेवली. दोघे चिंचेच्या पारावर बसले. 

“बनाला कीड लागली,” शेवटी महाजन म्हणाले. “दरड कोसळली त्याच वर्षी. एक रोप उरलं नाही. खबर आली ती माझ्याकडे. म्हटलं, आज सांगितलं तर सगळ्यांचे वाटे माती होतील. तो आंधळा मृदंगवाला, त्या दोघी विधवा जावा, सगळ्यांचं त्यातच आहे. म्हटलं, नवी रोपं लावतो, तोवर भाव धरून ठेवतो. भाव धरायचा तर कुणीतरी विकत घेताना दिसायला हवं. मग मीच भाच्याकडून घ्यायचो, भाचा मेव्हण्याकडून, मेव्हणा माझ्याकडून. वाटणीची नाणी माझ्या पेटीतली होती. माझी शेतं गेली, सोनं गेलं. स्वतःसाठी मी काही घेतलं नाही, पोरी. एक पैसुद्धा नाही.”

“ठाऊक आहे, काका.”

“एक वर्ष दे मला. नवी रोपं धरलीत म्हणे. एक वर्ष गप्प राहा.”

“पेटी रिकामी झाली आहे ना? मग यंदाची वाटणी कुठून देणार?”

महाजन आपल्या लाल हातांकडे पाहत राहिले.

“कुंभारांचे पैसे येतील ना उद्या,” ते अगदी हळू म्हणाले.

तेव्हा राखणदाराला कळले. ज्या माणसाने कोणालाही बुडू द्यायचे नाही असे ठरवले होते, तोच आता जुन्यांना तरंगवण्यासाठी नव्यांना बुडवणार होता. आणि तिला आणखीही एक गोष्ट कळली. तिने विचारले, “काका, माझ्या शिक्षणाचे शेवटचे पैसे?”

“तेही कीड लागल्यानंतरचेच,” महाजन म्हणाले. “तुझं शिक्षण मधेच कसं तोडायचं?”

ती उठली आणि घरी गेली.

सकाळ झाली. कुंभारआळी नवे कपडे घालून, पैशांचे गाठोडे डोक्यावर घेऊन वाजतगाजत निघाली होती. गप्प राहावे तर विहीर जाणार होती. शिपाई बोलवावेत, तर ज्याने तिला डोळे दिले त्याच्याच हातात बेड्या पडणार होत्या. राखणदार महाजनांच्या दारात उभी राहिली. सोबत एकही शिपाई नव्हता.

“चला, काका. आज घंटा तुम्ही वाजवायची.”

“लोकांसमोर?”

“लोकांसमोरच. माझ्याकडून कळलं तर त्यांना फक्त राग येईल. तुमच्याकडून कळलं तर रागाबरोबर हे का घडलं तेही त्यांना कळेल. मी तुमच्या शेजारी उभी राहीन. आणि तुम्ही आला नाहीत, तर दुपारी मला शिपायांना घेऊन यावं लागेल. तेव्हाही मी रडेन, काका. पण येईन.”

महाजनांनी तिच्याकडे पाहिले आणि पायात वहाणा चढवल्या.

घंटा वाजली. लोक टाळ्या वाजवायला जमले. आणि वृद्ध महाजनांनी लाल हात वर करून सगळे सांगितले. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. कोणी शिव्या दिल्या. आंधळा मृदंगवाला जमिनीवरच बसला. कुंभारीण गर्दीतून पुढे आली.

“म्हणजे आमची विहीर आज त्या दरीत पडली असती?”

“हो, बाई,” महाजन म्हणाले.

तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. मग ती वळून आळीला म्हणाली, “बघता काय? घरी चला, कुदळी काढा. एकच विहीर खणायची. मिरवायची राहू दे.”

कोणीतरी ओरडले, “त्या फडक्यांनीच घात केला! फाडा ती!” सगळ्यांच्या नजरा राखणदाराकडे वळल्या. पिवळे फडके तिच्या हाताशीच होते. ते फाडावे म्हणून तर ती समुद्र ओलांडून आली होती. तिने ते उचलले, क्षणभर तसेच धरले आणि घडी करून परत चौथऱ्यावर ठेवले.

तिचा निर्णय असा होता. गरजूची गरज झाकणारे फडके राहील, पण ते रोज हळदीचे असेल आणि त्यापुढचा पडदा जाईल. कोणाचा सौदा कितीचा झाला ते झाकलेले राहील, भाव दिवसाअखेरी एकदाच आणि नाव न घेता पुकारला जाईल, पण सौदा कोणी केला ते साऱ्या बाजाराला दिसेल. सकाळची पहिली घंटा भावाची नसेल, ती खबरीची असेल. बनातली बरी-वाईट खबर सांगितल्याशिवाय चौथऱ्यावर कोणी बसणार नाही. महाजनांचा वाडा विकून वाटेकऱ्यांना मिळेल तेवढे मिळेल, आणि महाजन पुन्हा चौथऱ्यावर बसणार नाहीत. शेवटी तिने सांगितले, की तिच्या शिक्षणाचे ते पैसे तिच्या पगारातून दरमहा त्याच वाटेकऱ्यांना जातील.

लोकांचे गेलेले सगळे परत आले नाही, पण सगळे गेलेही नाही. कुंभारआळीच्या विहिरीला गोड पाणी लागले. पहिली घागर निघाली ती कुंभारणीने महाजनांच्या नव्या, लहानशा घरी पाठवली. सोबत निरोप होता, “राखेनं नका धुऊ. साध्या पाण्यानं धुवा.”

बोध: वाईट खबर दयेपोटी झाकली, तरी तिची किंमत शेवटी निरपराधालाच मोजावी लागते, म्हणून खरी दया पहिल्याच दिवशी खरे बोलते.