टेमकर सरांची घंटी

"अजिबात बोलंना? आईशीसुद्धा?"

सोमगीर महाराजांनी धुनीतलं लाकूड जरा पुढे सरकवलं आणि समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं.

"आईशीसुद्धा नाही," टेमकर सर म्हणाले. "जेवते, झोपते, सांगितलं ते करते. पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, घशात दोष नाही. भीती बसलीय."

"कुणाची?"

"तेच तर कळत नाही, महाराज..."

कळत होतं. पण ते तोंडावर येऊ द्यायची सरांची तयारी नव्हती. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. ती पुन्हा कधीच बोलली नाही तर, हा विचार त्यांना सोडत नव्हता. अंगाऱ्या-धुपाऱ्याला आयुष्यभर हसलेला हा माणूस शेवटी बायकोच्या सांगण्यावरून मठाची टेकडी चढून आला होता, तो उगीच नाही.

"लेकरू तुझ्याच क्लासात बसतं ना?"

"पहिल्या बाकावर."

"शिकवतोस काय?"

इथे मात्र सर सावरून बसले. तालुक्यात त्यांच्या इंग्रजीच्या क्लासला जागा मिळवायला लोक वशिला लावत. इंग्रजी वाक्यातली चूक हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नपत्रिका हातात आली, तरी सरांना आधी चूक दिसायची आणि मग नवरा-नवरीची नावं.

"चुका शोधायला शिकवतो. आपली माणसं ठरावीकच चुका करतात, महाराज. 'ही डोन्ट नो' म्हणतात. 'आय डिड नॉट वेन्ट' म्हणतात. 'डिस्कस अबाउट' म्हणतात. मी एकसुद्धा सुटू देत नाही."

"म्हणजे करतोस काय?"

सर क्लास आटोपून थेट इकडे आले होते. त्यांनी पिशवीतून एक घंटी काढली. हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून बोट दाबलं की वाजणारी.

"चूक झाली की ही वाजते. मूल थांबतं. वाक्य पहिल्यापासून म्हणतं. पुन्हा चुकलं की पुन्हा घंटी. मी कुणाला मारत नाही, महाराज. बोटसुद्धा लावत नाही."

महाराजांनी मान डोलावली.

"मग त्या दिवशी लेकरू काय म्हणालं?"

"कुठल्या दिवशी?"

"बोलणं बंद झालं, त्या दिवशी."

सरांनी घंटी दुसऱ्या हातात घेतली.

"तिला बाहेर जायचं होतं. लघवीला. क्लासात मराठी चालत नाही. ती उठून 'मे आय गोइंग' म्हणाली. मी घंटी वाजवली. मग 'मे आय वेन्ट' म्हणाली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं. खाली बसली. मला वाटलं, तेवढी घाई नसेल."

"मग?"

"बाकाखाली ओल पसरली. पोरं हसायला लागली."

"तू काय केलंस?"

"पोरांना गप्प केलं."

"कसं?"

धुनीत एक ढलपी फुटली.

"घंटी वाजवून," सर म्हणाले.

महाराजांनी हात पुढे केला. सरांनी घंटी दिली. ती आपल्या मांडीजवळ ठेवून महाराजांनी तिच्यावर बोट धरलं.

"आता बोल. लेकराबद्दल सांग. इंग्रजीत."

"महाराज, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"एक अक्षर न्हाई."

सरांना हसू आलं. महाराजांचा मान राखायचा म्हणून त्यांनी घसा साफ केला.

"माय डॉटर इज एट इयर्स ओल्ड."

टिंग!

सर चमकले. वाक्यात काही म्हणजे काही चूक नव्हती. महाराजांनी हातानंच खूण केली... पहिल्यापासून.

"माय डॉटर इज एट इयर्स ओल्ड."

टिंग!

"यात चूक काय आहे?"

महाराजांचा चेहरा हलला नाही. बोट घंटीवरच होतं.

"शी डझ नॉट स्पीक."

टिंग!

या माणसाला इंग्रजी येत नाही, हे सर स्वतःला बजावत होते. तरी ते मनात वाक्य पुन्हा तपासू लागले. 'डझ नॉट' की 'हॅज नॉट'? वीस वर्षं शिकवलेलं वाक्य त्यांना एकाएकी परकं वाटायला लागलं. पुढचं वाक्य अर्ध्यातच होतं, तोवर घंटी वाजली. त्याच्या पुढचं सुरू व्हायच्या आत वाजली. आता ते वाक्य जुळवत नव्हते, बोटाकडे बघत होते.

तेवढ्यात महाराजांच्या खांद्यावरचं भगवं वस्त्र, छाटी, सरकली आणि तिचं टोक निखाऱ्यांवर पडलं.

सरांना दिसलं. आधी धूर निघाला, मग कापडाला काळी कड आली, मग पिवळी जीभ वर चढली. सरांनी तोंड उघडलं.

"युअर..."

'क्लॉथ' म्हणायचं का? 'इज बर्निंग' की 'हॅज कॉट फायर'? बोट घंटीवर होतं...

सरांनी तोंड मिटलं.

ज्वाळ गुडघ्यापर्यंत आली, तेव्हा महाराजांनी शांतपणे कमंडलू उचलला आणि पाणी ओतलं. जळक्या कापडाचा वास सुटला. पिंढरीवरची कातडी लालभडक झाली होती.

"दिसलं व्हतं?"

"हो..."

"मग?"

मराठीत ओरडता आलं असतं. नुसता हात धरून ओढता आलं असतं. त्यातलं काहीच सरांना सुचलं नव्हतं. घरी केतकी हल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत नसे, घंटी वाजवणाऱ्या उजव्या हाताकडे बघे. ती तिथं एवढं काय बघते, हे त्यांना आत्ता कळलं, आणि आजवर कधी भ्याले नव्हते तसे ते भ्याले. स्वतःला.

"महाराज... तुम्ही जळाला असता."

"जळालो असतो."

"ती घंटी टाका धुनीत. नाहीतर इथंच ठेवून घ्या. मला घरात नको."

महाराजांनी घंटीवरची राख पुसली आणि ती उचलून सरांच्या पिशवीत ठेवली.

"लेकराच्या हातात दे. तिच्यापुढं बस, आन् इंग्रजीत बोल."

सर पिशवी पोटाशी धरून उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"आणि तिनं ती वाजवतच ठेवली तर...?"

"वाजू दे. तू बोलायचं थांबू नकोस."