साहेबांचं हरवलेलं पेन

तपासणीला आलेले सरनोबतसाहेब वर्गात शिरले, ते पोलिसी कामाचा विषय बंद करायचं ठरवूनच. त्या तांत्रिक विद्यालयात वायरिंग आणि शिवणकामाच्या जोडीला निवृत्त हवालदार बोडके सर मुलांना पंचनामा, जबाब, झडती असं पोलिसी काम शिकवायचे.

"गणितात गटांगळ्या खाणारी ही पोरं! यांना कायदा काय कळणार?" असं म्हणत साहेबांनी शेरा लिहायला कोटाच्या खिशात हात घातला. पेन गायब!

"चोरी! हेच शिकवता वाटतं? काढा सगळ्यांची दप्तरं. मी स्वतः झडती घेणार."

बोडके सरांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मागच्या बाकावरची वैजयंता घुले उभी राहिली.

"खुशाल घ्या, साहेब. पण सरांनी शिकवलंय, झडती घेणाऱ्याने आधी पंचांसमोर स्वतःची झडती द्यायची. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, साहेबांनीच पेन दप्तरात टाकलं."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. शिवणाच्या बाई आणि ग्रंथपाल पंच झाले. साहेबांनी ऐटीत हात पसरले आणि शाळेच्या शिपायाने खिसा उलटा केला.

"अगंबाई, शिवण उसवलीय की!" बाई म्हणाल्या. पेन कोटाच्या अस्तरात जाऊन बसलं होतं.

वर्गात कुणी हसलं नाही. बोडके सरांची तशी शिस्तच होती. वैजयंताने पेन दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं.

"घ्या साहेब. आता लिहा, हा विषय काही उपयोगाचा नाही म्हणून."